दोनच्या आधी दहा

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या नेकनूरला डोळे तपासायचं मोफत शिबिर झालं. बाहेरून डॉक्टर येणार, दिवसभरात जमतील तेवढ्यांचे डोळे बघणार आणि मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनची तारीख तिथंच लावून देणार, असं ठरलेलं. नावनोंदणीचं काम आम्हा तिघा पोरांकडं होतं. तीन दिवस आम्ही पारावर बसून चिठ्ठ्या दिल्या. जो आधी येईल त्याला आधीचा नंबर. नंबर एकाच वहीतून सुटायचा, पण नाव मात्र त्या वेळी जो बसलेला असेल तो आपापल्या मोबाइलवर टाइप करायचा. त्यामुळं नावांच्या तीन फायली झाल्या. एकूण माणसं २१२.

९ नंबरची चिठ्ठी आमच्या गल्लीतल्या एका आजीची होती. पहिल्या दिवशी आम्ही सतरंजी टाकायच्या आधीच ती येऊन बसली होती. तिला घाई होती, आणि घाईचं कारण आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोरानं मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळी झाली की पोरगा आणि सून ऊसतोडीला निघणार आणि नातवंडं सांभाळायला आजी पण त्यांच्याबरोबर कोपीवर जाणार. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येणं नाही. डावा डोळा तर गेल्याच वर्षी धूसर झालेला. चिठ्ठी तिनं पदराच्या गाठीत बांधली आणि मला दोनदा विचारून घेतलं, ‘नऊच हाय ना?’

शिबिराच्या आदल्या रात्री मी तिन्ही फायली एकत्र केल्या. माझ्या मोबाइलवर टर्मक्स आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे अ‍ॅप म्हणजे मोबाइलच्या आतला काळा पडदा. त्यावर आज्ञा टाइप करायची आणि मशीननं ती मुकाट्यानं पाळायची. ‘कॅट’ लिहून तीन फायली जोडल्या, ‘सॉर्ट’ लिहून नंबरप्रमाणे लावल्या. वरची ओळ बघितली. तिथं १ होता. रात्रीचा एक वाजला होता. फाइल प्रिंटला पाठवली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी एक पोरगं माइकवरून नावं पुकारत होतं. नुसती नावं, नंबर नाही. अकराच्या सुमाराला आजीनं विचारलं, ‘लेकरा, माझा नंबर कधी यायलाय?’ मी म्हणालो, ‘येईल की आजी, बस.’ दुपारी दोनला परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. चारला विचारलं तेव्हा मी चहाचे कप वाटत होतो आणि जरा वैतागलोच होतो. साडेसहाला डॉक्टरांनी पेट्या बंद केल्या. १५० माणसं बघून झाली होती, ६२ राहिली. राहिलेल्यांत आजी होती.

तेव्हा कुठं मी यादी हातात घेतली. पहिला १. दुसरा १०. तिसरा १००. मग १०१, १०२, १०३, असं १०९ पर्यंत. मग ११. मग ११०.

मशीननं आकडा आकड्यासारखा वाचलाच नव्हता. शब्दकोशात आपण जसं ‘कमळ’ आधी आणि ‘खडू’ नंतर लावतो तसं पहिलं चिन्ह बघितलं, ते सारखं निघालं तर दुसरं बघितलं. म्हणजे एकानं सुरू होणारे सगळे आधी: १, मग १० ते १९, मग १०० ते १९९, आपापल्या जागी घुसलेले. हे झाले १११. दोन नंबरचा माणूस ११२ वा. आमच्या ९ नंबरच्या आजीचा क्रम होता २०२. आणि आदल्या रात्री नऊला, आम्ही वही मिटताना धावत आलेला २१२ नंबरचा गडी १२७ व्या क्रमांकाला आत जाऊन, चष्म्याचा नंबर घेऊन, घरी जेवून परत शिबिर बघायला आला होता.

हा प्रकार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असणार, फक्त त्यात कुणाचं काही गेलेलं नसणार. पेनड्राइव्हमध्ये मालिकेचे भाग भरले की ‘भाग १०’ हा ‘भाग २’च्या आधी येतो. उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजतात त्यांचीही तीच गत. आपण दोन शिव्या घालतो आणि बोटानं पुढचं गाणं लावतो. तिथं क्रम चुकला तरी गाणी सगळी वाजणारच असतात. क्रमाला धार येते ती वस्तू कमी पडली की. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा मी शाळेत होतो. त्या उन्हाळ्यात टँकरपुढं घागरींची जी रांग लागायची, तिच्यात पाचवी घागर आणि पन्नासावी घागर यांच्यात जो फरक होता तो मी विसरू शकत नाही. पाचवीत पाणी होतं.

त्या रात्री गावातल्या एका शिकलेल्या, मला वडिलांसारख्या माणसानं माझी समजूत काढली. तो जे बोलला ते इतकं बरोबर वाटलं की गेले काही महिने मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतोय. तो म्हणाला, ‘अरे, डॉक्टरांनी दीडशेच बघितले. तुझी यादी बरोबर असती तरी ६२ माणसं राहिलीच असती. ही नाही तर ती. एकूण नुकसान किती झालं? शून्य.’

हिशोब खरा आहे. मी कागदावर करून बघितला. यादी बरोबर असती तर १५१ ते २१२ राहिले असते, म्हणजे ६२. चुकली म्हणून ४३ ते ४९, मग ५, ५० ते ५९, आणि असंच पुढं ९ आणि ९० ते ९९ पर्यंतचे राहिले. तेही ६२. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि याहून अवघड गोष्ट अजून सांगितलेलीच नाही. चुकीमुळं आत गेलेल्यांत २०४ नंबरचे एक काका होते. त्यांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदू वाढला तरी पुढंमागं ऑपरेशन करून नजर परत मिळवता येते. काचबिंदूत जेवढी नजर गेली तेवढी गेली, उरलेली फक्त राखता येते. त्या काकांना दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. बायकोनं बळंच पाठवलं म्हणून ते आले होते. यादी बरोबर असती तर त्यांचा नंबर लागला नसता.

म्हणजे फायद्या-तोट्याच्या तराजूत घातलं तर माझी चूक चक्क फायद्याची ठरते. आजीचे सहा महिने गेले, काकांची उरलेली नजर वाचली. मग मला अपराधी का वाटतं?

पहिलं उत्तर मला सुचलं ते असं की मशीननं अन्याय केला. हे उत्तर दोन दिवस टिकलं. ‘सॉर्ट’ ही आज्ञा काल-परवाची नाही. युनिक्स नावाची जी संगणकप्रणाली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बांधली, तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ही आज्ञा आहे. त्या पुस्तिकेवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. पन्नासपेक्षा जास्त वर्षं ही आज्ञा एकच काम करतेय, आणि तिच्यात भेदभावाला जागाच नाही. तिला जात कळत नाही, भावकी कळत नाही, सरपंचाचा मेव्हणा कोण हे कळत नाही. आमच्याकडं एखादी यादी हातानं लिहिली की त्यात वर-खाली काय काय होतं ते गावात राहणाऱ्याला माहीत आहे. मशीननं २१२ माणसांना एकच नियम लावला आणि शेवटपर्यंत तोच लावला. समान वागणूक म्हणजे न्याय असेल, तर आमच्या गावात इतका न्यायी दिवस क्वचितच उगवला असेल.

गंमत म्हणजे त्याच १९७१ साली जॉन रॉल्सचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हे पुस्तक आलं. त्यात तो पद्धतीतल्या न्यायाचे प्रकार पाडतो. केक कापणाऱ्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा असा नियम केला की तुकडे सारखे पडणार. इथं बरोबर काय ते आधीच ठरलेलं आहे आणि पद्धत तिथवर नक्की पोचवते. कोर्टाचं तसं नाही. खरा गुन्हेगारच सापडावा हे ठरलेलं आहे, पण पद्धत कितीही चांगली असली तरी चुकू शकते. तिसरा प्रकार जुगाराचा. तिथं ‘बरोबर निकाल’ असा वेगळा नसतोच. डाव प्रामाणिक असला तर जे निघेल ते न्याय्य. मी आमची यादी या तिसऱ्या खणात बसवून बघितली. समजा आम्ही आधीच सांगितलं असतं की लॉटरी काढणार, तर आजी २०२ वी येवो की शेवटची, तिची तक्रार राहिली नसती. नशिबाला बोल लावून ती घरी गेली असती. इतकंच काय, ‘एकानं सुरू होणारे नंबर आधी’ असा चमत्कारिक नियमसुद्धा आधी पारावर जाहीर केला असता, तर लोक हसले असते, पण फसले नसते.

आम्ही जाहीर केलं होतं ते वेगळंच. मोठ्यानं काही बोललो नव्हतो, पण चिठ्ठीवर ९ लिहून हातात ठेवणं म्हणजे सांगणंच होतं, की तुझ्या आधी आठ जण, त्यांचं झालं की तू.

इथं जरा थांबून आकड्यांबद्दल बोलायला पाहिजे, कारण प्रत्येक आकडा असं काही सांगत नाही. सातबारा घ्या. सात आणि बारा हे गाव नमुन्यांचे क्रमांक. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाच्या नावावर, गाव नमुना १२ मध्ये तिच्यात पीक कोणतं. त्या सातात आणि बारात मोजण्यासारखं काही नाही, ती नावं आहेत. गट नंबरचंही तेच. गट नंबर १० वाला गट नंबर २ वाल्याच्या मागं उभा नसतो. दोघांची जमीन जिथल्या तिथं आहे, यादी उलटी लावली तरी बांध सरकत नाही. आमच्या गाड्यांवर एमएच २३ असतं, म्हणून आम्ही एमएच १२ वाल्यांपेक्षा अकरानं मोठे होत नाही. (पुण्यात गाडी लावायला जागा शोधताना उलटंच वाटतं, पण तो विषय वेगळा.) दुसऱ्या तऱ्हेचे आकडे माप सांगतात: किलो, लिटर, क्विंटलचा भाव. आणि तिसऱ्या तऱ्हेचे आकडे रांगेतले. ते माप नसतात. ९ नंबरची आजी १८ नंबरवाल्याच्या निम्मी नसते. पण ते नुसतं नावही नसतं. ते एका माणसानं दुसऱ्याला दिलेलं वचन असतं. मशीनच्या दृष्टीनं तिन्ही सारखेच, चिन्हांच्या माळा. कुठल्या माळेत वचन ओवलेलं आहे हे तिला कुणी सांगितलं तरच कळणार. सांगायचं काम माझं होतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मी त्याच आठवड्यात शोधाशोध केली. इलाज जुनाच होता. याला नैसर्गिक क्रम म्हणतात. मजकुरात आकडे आले की ते सुटे सुटे न वाचता सलग वाचायचे आणि त्यांची किंमत बघायची, म्हणजे ‘भाग २’ आधी आणि ‘भाग १०’ नंतर. विंडोजच्या फोल्डरात ही सोय २००१ च्या एक्सपीपासून आहे. काळ्या पडद्यावर ‘सॉर्ट’च्या पुढं आडवी रेघ आणि छोटा एन दिला की ओळीच्या सुरुवातीचा आकडा संख्या म्हणून धरला जातो. अक्षरं-आकडे मिसळलेले असले, ‘वॉर्ड २ घर १०’ असे, तर मोठा व्ही द्यायचा. एवढंच. एका अक्षराचं काम. त्या रात्री ते एक अक्षर मला माहीत असतं तर, असं म्हणत मी जुन्या यादीवर छोटा एन चालवला.

यादी होती तशीच आली. १, १०, १००.

मोठा व्ही चालवला. तरी तशीच.

अर्धा तास मला वाटत होतं की माझंच टायपिंग चुकतंय. मग उजेड पडला. आम्ही नावं मराठी कीबोर्डवर टाइप केली होती आणि नंबरही मराठीत. ‘सॉर्ट’ला आकडा म्हणून ओळखू येतात ती दहाच चिन्हं, इंग्रजी शून्य ते इंग्रजी नऊ. आपला ९ तिच्या लेखी आकडाच नाही, ‘क्ष’सारखं एक अक्षर. युनिकोडमध्ये देवनागरी आकड्यांना स्वतःची जागा आहे आणि ते एकापाठोपाठ एक ओळीनं बसवलेलेही आहेत, पण ही जुनी आज्ञा तिकडं बघत नाही. छोटा एन दिल्यावर जिथं तिला आकडा दिसत नाही तिथं ती शून्य धरते. म्हणजे माझी २१२ माणसं २१२ शून्यं झाली. सगळे सारखेच, मग बरोबरी सोडवायला तिनं पुन्हा अक्षरांची तुलना केली आणि तीच यादी माझ्या हातात ठेवली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. दशमान पद्धत इथली, शून्य इथलं, हे आपण शाळेपासून छाती फुगवून सांगतो. तेच आकडे अरबांमार्फत युरोपात गेले, आकार बदलून परत आले, आणि आता घरचे आकडे उंबऱ्याबाहेर. पण छाती फुगवण्यात फार अर्थ नाही. माझ्या गावातच हे दुखणं फक्त मराठीचं नाही. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कारभार उर्दूत चालायचा. आजही नेकनूरच्या एखाद्या घरातून जुना कागद निघतो त्यावर उर्दू आकडे असतात. उर्दू उजवीकडून डावीकडं लिहितात, पण त्यातला आकडा मात्र डावीकडून उजवीकडंच वाचायचा. ते आकडेही ‘सॉर्ट’ला आकडे वाटत नाहीत. पारावर एका सतरंजीवर बसलेले दोन म्हातारे, एक मराठीत हिशोब लिहिणारा आणि एक उर्दूत, दोघंही मशीनपुढं सारखेच अडाणी.

तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दावर माझा विश्वास उडाला. निसर्ग कुणाचा? ज्यानं आज्ञा लिहिली त्याच्या टेबलावर जो कीबोर्ड होता त्याचा. आणि मराठीचा स्वतःचा निसर्ग तरी कुठं सरळ आहे. लिहिताना आपण २१ मध्ये दोन आधी लिहितो, म्हणताना ‘एकवीस’ म्हणून एक आधी म्हणतो. ‘एकोणतीस’ म्हणायला तर अजून न आलेल्या तिसाकडून एक उसना घेतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की पोरांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, आणि अख्खा महाराष्ट्र त्यावर विनोद पाठवत होता. मीही पाठवले होते. आता वाटतं, मुद्दा साधा होता. आपल्याला जे आपोआप येतं ते आपण कधीतरी शिकलेलं असतं, फक्त शिकल्याची आठवण पुसलेली असते. दोनानंतर तीन येतात हे आजीलाही कुणीतरी शिकवलंच असेल, मोटेच्या फेऱ्या किंवा भाकरी मोजताना.

तर माझा इलाज शेवटी गावठीच निघाला. आधी दहा बदल करून मराठी आकड्यांचे इंग्रजी करायचे, मग छोटा एन. नाहीतर त्याहून सोपं, कारकुनांचं जुनं तंत्र: आकड्याच्या डावीकडं शून्यं भरायची. ००१, ००२, ००९, ०१०. सगळे आकडे तीन घरांचे झाले की मशीननं अक्षरं म्हणून वाचले तरी क्रम बरोबरच लागतो, मग लिपी मराठी असो की उर्दू. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असं आपण एखाद्याला हिणवताना म्हणतो. इथं ती किंमत नसलेली दोन शून्यं आजीच्या नवापुढं उभी असती तर ती नवव्या नंबरला आत गेली असती.

आता त्या वडीलधाऱ्या माणसाशी भांडण. त्याचा दुसरा मुद्दा मी अजून सांगितला नाही, तो पहिल्यापेक्षा कठीण आहे. तो म्हणाला, ‘जो आधी येईल तो आधी, हा तरी न्याय आहे का? पारापासून ज्याचं घर जवळ तो आधी येणार. ज्याला पहाटे धारा काढायच्या नाहीत तो आधी येणार. तांड्यावरची बाई दुपारीच येणार. तुझी बरोबर यादी म्हणजे गावातल्या मोकळ्या माणसांची यादी.’

हे खरं आहे. रेशनच्या दुकानापुढं चपला ठेवून रांग धरतात ती मी बघितली आहे. चपला रांगेत आणि माणूस सावलीत. ज्याला दोन जोड आहेत तो दोन ठिकाणी उभा. कुठलाच क्रम निष्पाप नसतो. मतदान यंत्रावर उमेदवारांची नावं आधी मान्यताप्राप्त पक्षांची, मग नोंदणी झालेल्या इतर पक्षांची, मग अपक्षांची, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रमानं लागतात. हा नियम सगळ्यांना सारखा, तरी ‘अ’ वरच्या नावाचा अपक्ष आणि ‘ह’ वरच्या नावाचा अपक्ष यांच्यात फरक पडतोच. एका यंत्रावर सोळाच जागा असतात, त्यापुढचं नाव दुसऱ्या यंत्रावर जातं. खरं तर डोळ्यांच्या शिबिरात सगळ्यांना आधी टॉर्चनं बघून ज्यांची गरज जास्त त्यांना पुढं घेणं हाच सगळ्यात चांगला क्रम झाला असता. २०४ नंबरचे काका त्यातही सुटले असते, काचबिंदू टॉर्चला सहसा दिसत नाही, पण धूसर डोळ्यांच्या म्हाताऱ्या नक्की पुढं आल्या असत्या.

पण या सगळ्यानं सिद्ध काय होतं? नियम आधी ठरवताना जास्त विचार करायला हवा होता, हे. ठरवून झाल्यावर, चिठ्ठी दिल्यावर, तो नियम वाईट होता म्हणून तो मोडला तर चालतं, हे सिद्ध होत नाही. आणि मी तर तो चांगल्या हेतूनंही मोडला नव्हता. झोप आली होती म्हणून मोडला होता. काकांची नजर वाचली याचं मला मनापासून बरं वाटतं. त्याचं श्रेय घ्यायला मात्र लाज वाटते. बांधावरून भांडताना भिरकावलेला दगड सापाला लागला, म्हणून तो सापासाठी मारला होता असं म्हणता येत नाही.

आणि अजून एक. यादीतल्या ६२ जागा एकमेकींच्या बदल्यात खपतात, माणसं नाही खपत. १८० नंबरवाला राहिला असता तर त्याला वाईट वाटलं असतं, पण त्याला ते आधीच दिसत होतं. चिठ्ठी घेतानाच तो म्हणाला होता, ‘एवढ्या लांब कुठं नंबर लागतोय.’ आजी मात्र त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका मंडपात, माझ्या शब्दावर बसून होती. तिचं जे गेलं त्यात एक तपासणी होती, आणि शिवाय तो दिवस होता. ६२ बरोबर ६२ म्हणताना तो दिवस हिशोबात धरलेला नसतो.

मला सगळ्यात जास्त छळतं ते हे की दिवसभरात कुणी ओरडलं नाही. ५, ६, ७, ८ नंबरवाले तिथंच बसलेले. आपल्यामागून आलेली माणसं आत जाताना त्यांना दिसत होती. आमच्या गावात एसटीत खिडकीच्या जागेवरून मारामाऱ्या होतात. तिथं कुणी एक शब्द काढला नाही, कारण यादी छापलेली होती. मी हातानं लिहून तसा क्रम लावला असता तर लोकांनी माझी कॉलर धरली असती आणि बरोबर केलं असतं. छापील कागदावर आपलं नाव मागं असेल तर त्यामागं काहीतरी कारण असणार, असं माणसांनी गृहीत धरलं. आजीनं चारदा विचारलं, तेही मला. यादीला विचारलं नाही. आणि मी यादीकडं न बघता उत्तर दिलं. ‘कॉम्प्युटरनं केलं’ हे वाक्य मी त्या संध्याकाळी दोन जणांना बोललो. दोघांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून भीती वाटते.

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनानंतर तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर लागला. भांडी, पत्रे, बाजरीचं पोतं, दोन शेळ्या, लेकरं आणि वर आजी. मी आदल्या दिवशी जाऊन तिला सगळं सांगितलं होतं. नंबर नवाचाच होता, चूक माझी होती, मशीनची नव्हती. एक, दहा, शंभर हे मी तिला जमिनीवर खडूनं काढूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘म्हंजी त्यानं नुसतं तोंड बगितलं, मानूस बगितला न्हाई.’ मग मला चहा दिला. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती एप्रिलमध्ये परत आली. उजव्या डोळ्यालाही आता धूर दिसत होता. मी तिला मोटरसायकलवर बसवून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपर काढला, डोळ्यांच्या विभागापुढं बसलो. खिडकीतून नंबर मिळाला, ३१. तिनं तो कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, मग माझ्याकडं दिला.

‘किती हाय?’

‘एकतीस.’

‘आत्ता कितवा चाललाय?’

मी उठलो, दारापाशी जाऊन आत वाकून बघितलं आणि परत येऊन तिला सांगितलं, सव्वीस.